‘काजीजी दुबले क्यों?’ : म्हण कुठली, कोणाला लावायची, कोणाला नाही

प्रश्न इंदूरच्या एका मराठी घरातला आहे. पुण्याहून लग्न होऊन आलेल्या सूनबाई विचारतात : सासूबाई आपल्या धाकट्या दिरांबद्दल येता-जाता म्हणतात, ‘भाऊजींचं काय, काजीजी दुबले क्यों? शहर के अंदेशे से!’ सगळे हसतात. भाऊजी तब्येतीनं चांगले धट्टेकट्टे, मग त्यांना दुबळं का म्हणायचं? हा काजी कोण? ही म्हण मराठी समजायची की हिंदी? आणि आपल्याकडचं ‘चिंता करितो विश्वाची’ ते हेच का?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. नाही, हेच नाही. जवळचं आहे. अति काळजी करणाऱ्या माणसाला लावायच्या म्हणी मराठीत बऱ्याच आहेत आणि कोशांत त्या एकमेकींच्या शेजारी बसतात, म्हणून एकीच्या जागी दुसरी चालेल असं वाटतं. चालत नाही. माणूस कशाची काळजी करतोय, कोणासाठी करतोय आणि त्या काळजीला काही कारण आहे का, या तीन गोष्टींवर म्हण ठरते. काजीजींची म्हण फक्त एका प्रकाराला लागते : जे आपल्याकडे नाही, आपल्याला कोणी सोपवलेलं नाही, अशा गावभरच्या गोष्टींचा घोर घेऊन बसणारा माणूस.

आता सूनबाईंचा गोंधळ कुठे झाला ते पाहू, कारण तो फार जणांचा होतो. हिंदीत ‘दुबला’ म्हणजे किडकिडीत, अंगावर मांस नसलेला. मराठीत ‘दुबळा’ म्हणजे अशक्त, लाचार, ‘गरीब-दुबळा’ मधला. दोन्ही शब्द संस्कृत ‘दुर्बल’मधून आले, पण हिंदीनं त्यातला देह घेतला आणि मराठीनं परिस्थिती. पुण्याच्या कानाला ‘काजीजी दुबळे’ म्हणजे काजी बिचारा गरीब आहे असं ऐकू येतं, आणि मग पुढच्या ‘शहर के अंदेशे से’चा सांधा लागत नाही. इंदूरच्या कानाला ऐकू येतो तो शहराच्या काळजीनं वाळलेला, हडकलेला काजी. भाऊजी धट्टेकट्टे आहेत म्हणूनच तर सासूबाईंच्या तोंडी ती जास्त रंगते. इतका घोर करूनही माणूस वाळत नाही!

म्हणीची बांधणी सवाल-जबाबाची आहे. ‘काजीजी दुबले क्यों?’ हा एक आवाज, ‘शहर के अंदेशे से’ हा दुसरा. सवालात सहानुभूती आहे, तब्येतीची चौकशी आहे, ‘जी’ लावून मान दिलेला आहे. जबाबात एकदम पसारा उघडतो. दुखणं नाही, उपास नाही, घरात कमी-जास्त नाही, तर अख्खं शहर. एका माणसाचं अंग आणि सबंध शहराची फिकीर, या विजोडपणात सगळी थट्टा आहे. म्हणून बोलताना ‘जी’ गाळू नये. ‘काजी दुबला’ म्हटलं की निव्वळ टोमणा उरतो, ‘काजीजी’ म्हटलं की गोडी राहते. घरात तर बहुधा अर्धीच म्हण बोलतात. एकानं ‘काय काजीजी?’ म्हणायचं, उरलेलं ऐकणाऱ्यांनी मनात पुरं करायचं. जिच्या नुसत्या पहिल्या शब्दानं काम होतं, ती म्हण त्या घरात मुरलेली आहे असं खुशाल समजावं.

काजी कोण, याला उत्तर दोन पातळ्यांवर आहे. मुघल अमलात शहराला आणि परगण्याला काजी नेमलेला असे. खटल्यांचा निवाडा, खरेदीखत-दानपत्रावर मोहर, निकाह, अनाथांच्या आणि बेवारस मालमत्तेवर देखरेख, ही त्याची कामं. मराठी माणसाला हा अधिकारी माळव्यात आल्यावर प्रथम भेटला असं मुळीच नाही. दख्खनच्या सतराव्या शतकातल्या मराठी महजरांत, म्हणजे सभेनं दिलेल्या निवाडापत्रांत, ‘हाजिर मजालसी’च्या (सभेला हजर असलेल्यांच्या) यादीत देशमुख-देशपांड्यांबरोबर काजीही बसलेला दिसतो. म्हणजे होळकरांबरोबर जी मराठी घरं माळव्यात आली, आणि १८१८ मध्ये मंदसोरच्या तहानंतर राजधानी इंदुरात आल्यावर जी इथे स्थिरावली, त्यांना काजी ओळखीचाच होता. फक्त ही म्हण त्यांनी इथल्या बोलीतून उचलली. ‘क्यों’, ‘के’, ‘से’ ही सगळी खडी बोलीची अव्ययं आहेत. मराठीपणाची एकही खूण तिच्या अंगावर नाही.

दुसरी पातळी थट्टेची. शहराची खरी जबाबदारी काजीची नव्हतीच, ती कोतवालाची. रात्रीची गस्त, चोर-उचल्यांचा बंदोबस्त, बाजारातले भाव आणि वजनं-मापं, मुसाफिरखान्यात उतरलेल्या परक्यांची नोंद हे कोतवालाचं काम. अबुल फजलच्या आईन-इ-अकबरीत कोतवालाच्या कर्तव्यांची लांबलचक यादी आहे, त्यात या गोष्टी येतात. काजीनं समोर आलेल्या खटल्यापुरतं बघायचं. तो शहराच्या अंदेशानं वाळत असेल, तर तो कोतवालाच्या वाटणीची काळजी करतोय. हा अर्थ ध्यानात ठेवला की म्हण कोणाला लावायची ते आपोआप ठरतं. ज्याचं काम आहे त्यानं काळजी केली तर तो काजीजी नव्हे. महापालिकेचा पाणीपुरवठ्याचा इंजिनिअर जलूदहून नर्मदेचं पाणी येईल का म्हणून रात्री जागला तर त्याला ही म्हण लागत नाही. सुदामा नगरात निवृत्त होऊन बसलेले, घरी बोअरिंग असलेले काका त्याच गोष्टीसाठी जागले, तर लागते.

काळाचा अंदाजही याच अधिकारावरून बांधता येतो. इंग्रजी मुलखात १८६४ च्या कायद्यानं सरकारनं काजी नेमणं बंद केलं, पुढे १८८० च्या कायद्यानं नेमणूक परत आली ती मुख्यतः निकाहासारख्या विधींपुरती. न्यायाधीश काजी मागे पडला, निकाह लावणारा काजी राहिला. म्हणीतला काजी मात्र शहरात वजन असलेला, लोक ज्याच्या तब्येतीची विचारपूस करतात असा आहे. तो जुनाच काजी आहे असं माझं मत. ‘मियाँ बीबी राजी तो क्या करेगा काजी’ ही आपण सर्रास वापरतो, तिच्यातला काजी निकाहाचा आहे. तो दुसरा. दोघांना एक धरू नये.

कोणी तुम्हाला सांगेल की अमुक शहरात अमुक नावाचा काजी होता, त्याला बादशहानं विचारलं, वगैरे. ऐकावं, हसावं आणि सोडून द्यावं. ज्या म्हणीला स्वतःचाच सवाल आणि स्वतःचाच जबाब आहे तिला कथेची गरज नसते. अशा म्हणींना कथा मागाहून चिकटतात, आणि मुलांना समजावून सांगणाऱ्यांच्या सोयीसाठी चिकटतात.

‘अंदेशा’ या शब्दापाशी थोडं थांबायला हवं. फारसीत ‘अंदेशा’चा पहिला अर्थ नुसता ‘विचार’. हिंदुस्थानीत येईपर्यंत तो ‘वाईट घडेल असा विचार’, म्हणजे शंका, धास्ती, असा आकसला. कबीराच्या साखीत ‘अंदेसड़ा’ येतो तो याच अर्थानं, विरहातली घालमेल म्हणून. म्हणून ‘अंदेसा’ हा बोलीतला उच्चार अशुद्ध म्हणून खोडायचं कारण नाही. आता गंमत बघा, आपल्या ‘चिंता’चंही हेच झालंय. संस्कृत ‘चिन्त्’ म्हणजे विचार करणं. ‘चिंतन’मध्ये तो अर्थ जसाच्या तसा टिकला, ‘चिंता’मध्ये काळजी शिरली. फारसी काय, संस्कृत काय, विचार फार केला की त्याची काळजी होते हे दोन्हीकडच्या बोलणाऱ्यांना पटलेलं दिसतं. हे नुसतं शब्दांचं कौतुक नाही. पुढची मराठी म्हण हे कळल्याशिवाय नीट लागत नाही.

‘मन चिंती ते वैरी न चिंती.’ अति काळजीवरची अस्सल मराठी म्हण विचाराल तर मी ही देईन. आणि हिचाच अर्थ आज सगळ्यांत जास्त निसटतो. दोन कारणं. एक, ‘चिंती’ म्हणजे ‘काळजी करतं’ असं घेतात. मग वाक्य होतं ‘मन काळजी करतं, वैरी करत नाही’, आणि वैऱ्यानं आपली काळजी का करावी हेच कळेनासं होतं. इथे ‘चिंती’ म्हणजे ‘मनात आणतं, कल्पितं’. आपलंच मन आपल्या माणसांबद्दल जे अभद्र कल्पितं, ते हाडवैरीही कल्पिणार नाही. दुसरं कारण व्याकरणाचं. ‘करी, बोले, चिंती’ ही जुन्या मराठीतली वर्तमानकाळाची रूपं. आज आपण ‘तो रोज पहाटे उठे, व्यायाम करी’ म्हणतो तेव्हा ते रीतिभूतकाळाचं असतं, म्हणजे करायचा, आता करत नाही. आजच्या सवयीनं वाचलं तर म्हण भूतकाळात जाते. तिला वर्तमानातच ठेवायची. ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ मधला ‘दिसे’ आपण ‘दिसायचं’ असा वाचत नाही, तसंच.

या म्हणीचा आणि काजीजींचा फरक एका उदाहरणात दिसेल. मुलगा भोपाळहून रात्रीच्या बसनं निघालाय. वाट आष्टा, सोनकच्छ, देवास. चार तासांचा रस्ता. आष्ट्याला बोलणं झालं, नंतर फोन लागत नाही. आईच्या डोळ्यांपुढे सोनकच्छच्या अलीकडे उलटलेली बस उभी राहते, काचा दिसतात, पोलिसांचा फोन येतोसा वाटतो. फोनची बॅटरी संपली असेल ही साधी गोष्ट शेवटी सुचते. हे ‘मन चिंती’. इथे काळजी आपल्या माणसाची आहे, कारण लहान पण खरं आहे, फक्त कल्पना सुसाट सुटली आहे. या आईला ‘काजीजी’ म्हणणं दुष्टपणा. उलट काका घरी खुर्चीत बसून रंगपंचमीच्या गेरीच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीच्या, आठ दिवस आधी ‘यंदा गेर राजवाड्यापर्यंत वेळेत पोचेल का, टँकर पुरतील का, त्या अरुंद रस्त्यात चेंगराचेंगरी झाली तर’ असं ज्याला-त्याला विचारत असतील, आणि स्वतः गेरीत गेल्याला वीस वर्षं झाली असतील, तर तिथे ‘मन चिंती’ म्हणून उपयोग नाही. तिथे काजीजीच पाहिजेत.

‘चिंता करितो विश्वाची’ची जात आणखी निराळी. समर्थ रामदासांच्या चरित्रांत ही आख्यायिका येते. १६०८ मध्ये जांबेला जन्मलेला नारायण लहानपणी एकदा घरातल्या अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला, सापडेना, शेवटी राणूबाईंनी शोधून काढलं आणि काय करतोस म्हणून विचारलं. तेव्हा तो म्हणाला, ‘आई, चिंता करितो विश्वाची.’ मूळ प्रसंगात थट्टा नाही. तिथली ‘चिंता’ चिंतनाकडे झुकलेली आहे, आणि पुढे त्या मुलानं जे केलं त्याची ती नांदी म्हणून सांगतात. आपण बोलण्यात मात्र ती उलटी केली. कोपऱ्यात तोंड पाडून बसलेल्याला ‘काय रे, विश्वाची चिंता चाललीय वाटतं?’ म्हणायचं. गंभीर वचन थट्टेत वापरायचं हा मराठी बोलण्याचा जुना छंद. काजीजींशी हिचं साम्य एवढंच की माणूस लहान आणि विषय अफाट. फरक असा की विश्वाची चिंता करणारा गप्प बसलेला असतो, त्याला काय खातंय ते आपल्याला माहीत नसतं. काजीजी गप्प बसत नाहीत. त्यांना काय खातंय ते अख्ख्या गल्लीला पाठ असतं. आणि एक व्यवहाराची गोष्ट : घरात कोणी रोज मनाचे श्लोक म्हणणारं असेल तर त्यांच्यासमोर हे वचन थट्टेला न घेतलेलं बरं.

‘भित्यापाठी ब्रह्मराक्षस’ बद्दल थोडक्यात. मनुस्मृतीच्या बाराव्या अध्यायात ब्राह्मणाचं धन हरण करणारा वगैरे ब्रह्मराक्षस होतो असं म्हटलंय. लोकांनी त्याला पिंपळावर बसवलं. म्हण भीतीची आहे, काळजीची नाही. अंधार, एकटेपण, परीक्षेतली तोंडी, साहेबाची केबिन अशा ठिकाणी जो आधीच घाबरलेला असतो त्याच्याच मानगुटीवर संकट बसतं, एवढा तिचा आवाका. पेट्रोलचे भाव वाढतील म्हणून हैराण असलेल्या माणसाला ती लावली तर ऐकणारा बुचकळ्यात पडतो.

‘दुधानं तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात’ ही तर कधीच अति काळजीची नव्हे. तिच्यात आधी तोंड पोळलेलं आहे. एकदा खोट्या फोनला भुलून खात्यातले पैसे गेलेली बाई बँकेच्या खऱ्या फोनलाही उत्तर देत नाही, तिला ही म्हण. तिला भित्री ठरवणं चूक.

टिटवीचं प्रकरण मात्र रंगतदार आहे, आणि माळव्यात टिटवी डोळ्यांपुढे असते म्हणून मुद्दाम सांगते. टिटवी आभाळ कोसळेल म्हणून पाय वर करून झोपते, ही समजूत हिंदीत, गुजरातीत, सगळीकडे आहे. ती किती जुनी? पंचतंत्रात श्लोक आहे : ‘उत्क्षिप्य टिट्टिभः पादावास्ते भङ्गभयाद्दिवः । स्वचित्तकल्पितो गर्वः कस्य नात्रापि विद्यते ॥’ आकाश भंगेल या भयानं टिटवा पाय वर करून असतो, आपल्या मनानं कल्पिलेला गर्व कोणाला नसतो? यातला ‘गर्व’ हा शब्द बघा. पंचतंत्रकारानं याला भय म्हणून सोडून दिलं नाही, गर्व म्हटलं. मी पाय खाली घेतले तर आभाळ पडेल, असं वाटणं म्हणजे काळजीच्या वेषातला अहंकारच. अति काळजी करणाऱ्यांतली एक मोठी जात या एका शब्दात सापडली आहे : ‘मी नसलो तर लग्नाचं कसं होणार’ म्हणत मांडवात सगळ्यांच्या पायात येणारे मामा.

पक्षी खरं तर पाय वर करून झोपत नाही. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत, कधी गच्चीच्या खडीतही अंडी घालते, बहुतेक चार, आणि कोणी जवळ आलं की कर्कश ओरडत डोक्यावर घिरट्या घालते. तिच्या अंड्यांवरून पाऊस किती महिने पडेल ते सांगणारे शेतकरी माळव्यात आहेत. इतकं सदानकदा ओरडणारं, इतकं सावध पाखरू लोकांनी काळजीला निवडलं यात नवल नाही. पण मराठीत लिहिताना जपून. मराठीत रुळलेली म्हण ‘टिटवी देखील समुद्र आटविते’ ही आहे. ती त्याच पंचतंत्रातल्या गोष्टीची, अर्थ मात्र उलटा, लहानही जिद्दीनं मोठ्याला नमवतो असा. इंदुरात तुम्ही कोणाला ‘टिटवी झालीय नुसती’ म्हणालात तर ते आभाळवालं समजतील. साताऱ्यात म्हणालात तर फार ओरडणारी, अशुभ बोलणारी असा अर्थ घेतील.

‘लष्कराच्या भाकऱ्या भाजणं’ काजीजींच्या सर्वांत जवळची वाटते, आणि घोटाळाही तिथेच होतो. दुसऱ्याच्या कामात पडणं दोन्हीकडे आहे. पण लष्कराच्या भाकऱ्या भाजणारा निदान पीठ मळतो, चुलीपाशी बसतो. सोसायटीच्या गणपतीचा हिशेब, वर्गणी, विसर्जनाची गाडी सगळं फुकट अंगावर घेतो. काजीजी काहीही करत नाहीत, नुसते वाळतात. तेव्हा आधी बघावं की माणूस धावपळ करतोय की खुर्चीत बसलाय.

‘जीव टांगणीला लागणं’, ‘जिवाला घोर लागणं’, ‘पोटात गोळा येणं’, ‘हाय खाणं’ हे वाक्प्रचार. यांचं क्रियापद चालतं, म्हणीचं चालत नाही. ‘निकालापर्यंत जीव टांगणीला लागला होता, आता सुटला’ असं म्हणता येतं, कारण ती अवस्था आहे. काजीजी हा स्वभाव आहे. ओळखायची सोपी युक्ती : वाक्यात ‘आज’ घालून बघा. ‘आज माझा जीव टांगणीला लागलाय’ सरळ बसतं. ‘आज तो काजीजी आहे’ खटकतं, तिथे ‘नेहमीचाच’ पाहिजे. अवस्थेच्या जागी स्वभावाची म्हण वापरली की माणूस दुखावतो, कारण त्याच्या एका वाईट दिवसाचा तुम्ही त्याच्या सबंध आयुष्यावर शिक्का मारता.

‘चिता आणि चिंता यांत फक्त एका टिंबाचा फरक’ हे सुभाषितातून आलंय. ‘सजीवं दहते चिंता निर्जीवं दहते चिता.’ ते ‘चिन्ता’ असं अर्धा न काढून लिहिलं की कोटी मरते. टिंब, म्हणजे अनुस्वारच, दिसायला हवा. कोटी कानाची नाही, डोळ्यांची आहे, म्हणून ती लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांत जन्मली असणार. ओटीवरच्या बोलण्यात तिचा उपयोग फारसा नाही.

एखाद्या म्हणीचा उगम स्वतः शोधायचा असेल तर कामाचा क्रम असा ठेवावा. आधी तीन-चार वेगवेगळ्या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांकडून ती ऐकून जशीच्या तशी लिहायची, शुद्ध न करता. कोणी ‘काजीजी क्यों दुबले’ म्हणेल, कोणी ‘काजी क्यों दुबला’, कोणी ‘सहर के अंदेसे’. जे शब्द सगळ्यांत सारखे राहिले ते म्हणीचा कणा. इथे काजी, दुबला, शहर, अंदेशा. मग त्यांतला सगळ्यांत विरळा शब्द घेऊन कोश उघडायचा. बहुतेक जण पहिल्या शब्दाखाली शोधतात आणि हात हलवत परत येतात, कारण म्हणीचा पहिला शब्द पुष्कळदा बदलतो. मराठीसाठी मोल्सवर्थची १८५७ ची दुसरी आवृत्ती आणि दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र वाक्संप्रदाय कोश, हिंदुस्थानी म्हणींसाठी फॅलनचा १८८६ चा संग्रह, फारसी शब्दासाठी माधवराव पटवर्धनांचा १९२५ चा फार्सी-मराठी कोश. हे पटवर्धन म्हणजे कवी माधव जूलियन, जन्मानं बडोद्याचे. बृहन्महाराष्ट्राचा माणूस या कामाला लागला ते उगीच नव्हे. दोन भाषा घरात असलेल्यालाच कुठला शब्द कुठून आला याची टोचणी लागते. कोशात मिळालेलं वर्ष हे म्हणीचं जन्मवर्ष नव्हे, त्या वर्षी ती कोणीतरी टिपली एवढंच. त्याआधी ती कितीही जुनी असू शकते. गोष्टी आणि आख्यायिका सगळ्यांत शेवटी बघायच्या. आधी ऐकल्या तर शोध त्यांच्याच मागे जातो.

ही म्हण मराठी की हिंदी, या प्रश्नाचं माझं उत्तर : हिंदुस्थानी म्हण, इंदुरी मराठीच्या वापरातली. ‘हाथ कंगन को आरसी क्या’ आपण ‘हातच्या कांकणाला आरसा कशाला’ अशी पुरती मराठी करून घेतली. काजीजींची केली नाही. ‘काजी का वाळला? गावाच्या काळजीनं’ असं काजी-काळजी जुळवून सहज करता येईल, यमकही वाईट नाही. पण त्यात ‘जी’चा उपरोध जातो आणि ‘अंदेशे से’मधला तो सुस्कारा जातो. आणि अर्धवट भाषांतर तर नकोच. ‘काजीजी दुबळे का’ केलं की वर सांगितलेला दुबळ्याचा घोळ पुन्हा उभा राहतो.

वापराबद्दल आणखी एक-दोन गोष्टी. सून सासरच्या मोठ्यांना ही म्हण तोंडावर लावत नाही. सासूबाई दिरांना लावतात, बहीण भावाला, मित्र मित्राला. स्वतःला लावली तर कोणाचंच काही जात नाही, ‘माझं आपलं काजीजीसारखं’ म्हणून काळजी बोलूनही दाखवता येते. म्हणीतली चेष्टा एका अधिकाऱ्याच्या स्वभावाची आहे, कुठल्या समाजाची नाही. तिला तो रंग देऊन कोणी वापरत असेल तर म्हण त्याच्या तोंडी बिघडते. आणि ज्याची झोप गेलीय, जेवण उतरलंय, जो काळजीनं खरोखरच वाळत चाललाय, त्याला म्हण ऐकवू नये, डॉक्टरकडे न्यावं.

लिहिताना ‘काजी’ आणि ‘काझी’ दोन्ही चालतं. म्हण मराठी मजकुरात घ्याल तेव्हा अवतरणात, हिंदीतच ठेवावी, प्रश्नचिन्ह ‘क्यों’नंतर आणि मग ‘शहर के अंदेशे से’ सुटं. मध्ये स्वल्पविराम टाकून एकच वाक्य केलं तर सवाल-जबाब हरवतो, आणि वाचणारा ते काजीचंच बोलणं समजतो.